प्रसंग आधी करून बघा, मग लिहा

कथा लिहायला लागलेल्या बहुतेकांना निवेदन लवकर जमतं. गाव, घर, पाऊस, माणसाचा चेहरा हे सगळं बऱ्यापैकी उतरतं. अडतं ते दोन माणसं समोरासमोर आली की. दोघंही पूर्ण वाक्यांत बोलू लागतात, एकाचं संपल्यावरच दुसरा तोंड उघडतो, आणि मनात जे जे आहे ते दोघंही सांगून मोकळे होतात. वाचणाऱ्याला शोधायला काही उरतच नाही.

यावर मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तो प्रसंग लिहिण्याआधी खोलीत उभं राहून, मोठ्याने बोलून, हातात वस्तू घेऊन करून बघणं. त्यासाठी अभिनय यावा लागत नाही. समोर प्रेक्षक नसतात, आवाज चांगला असायची गरज नसते. पहिल्या खेपेला लाज वाटते, ती दोन-तीन खेपांत ओसरते. अर्धा-पाऊण तास, दार लोटून घेता येईल अशी जागा आणि आवाज टिपणारा फोन एवढ्यावर भागतं.

आपल्याकडे तर ही गोष्ट परकी नाहीच. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणत असे आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी करत. सिंधुदुर्गातले दशावतारी कलाकार आजही लिहिलेल्या संहितेशिवाय उभे राहतात. आख्यान ठरतं, कोण कधी येणार ते ठरतं, आणि मग पेटी-पखवाजाच्या साथीने दोन पात्रांचा वाद रात्री उशिरापर्यंत जागेवर रचला जातो. ते वाद ऐकावेत. प्रत्येक वाक्य समोरच्याच्या आधीच्या वाक्याला लागून येतं, कारण बोलणारा खरोखर ऐकत असतो. आपण एकटे टेबलाशी बसून दोन्ही बाजू लिहितो तेव्हा नेमकं हे ऐकणं सुटतं.

लेखकांपैकी चार्ल्स डिकन्सची हकिगत त्याच्या मुलीने, मेमीने लिहून ठेवली आहे. ती आजारातून उठत असताना तिला वडिलांच्या अभ्यासिकेत पडून राहायची परवानगी मिळाली होती. डिकन्स लिहिता लिहिता एकदम उठायचा, आरशाकडे धावायचा, चेहरा वेडावाकडा करून बघायचा, परत येऊन भराभर लिहायचा. मग पुन्हा आरसा. एकदा तर तो तिच्याकडे वळून हलक्या आवाजात झपाट्याने काहीतरी बोलू लागला, पण त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, तो त्या वेळी ते पात्रच होऊन गेला होता.

फ्रान्समध्ये रूआँजवळच्या क्रवासे इथल्या घरात कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं ओरडून म्हणत असे. वरवर दोघांचं एकच वाटेल, पण काम वेगळं होतं. डिकन्स आरशासमोर पात्र शोधत होता. फ्लोबेर लिहून झालेलं वाक्य कानाने तपासत होता. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. लिहून झाल्यावर संवाद एकदा मोठ्याने वाचला की आपण ‘करून बघितलं’ असं त्यांना वाटतं. ती तपासणी झाली, आणि ती करायची वेळ शेवटी येते. त्याआधीचा शोध राहूनच जातो. या लेखात बराचसा भाग शोधाचाच आहे, तपासणी अखेरीस येईल.

प्रसंग निवडा

पहिल्यांदा करताना दोनच माणसं, एकच जागा आणि सलग दहा-पंधरा मिनिटांचा काळ असलेला प्रसंग घ्या. लग्नाचा मांडव, मोर्चा, वर्गातली दंगल हे नंतर. एकाला काहीतरी हवं आहे आणि दुसऱ्याला ते सहज देता येत नाही, अशी ओढाताण प्रसंगात असली पाहिजे. ती नसेल तर कितीही चांगला अभिनय केला तरी हाती गप्पाच लागतील.

मी पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. भाऊबीज आहे. सतीश मोठ्या बहिणीकडे, ताईकडे आला आहे. वडिलांच्या घरावर त्याला कर्ज काढायचं आहे आणि त्यासाठी ताईचं हक्कसोडपत्र हवं आहे. कागद त्याने बरोबर आणले आहेत. टेबलाशी बसून, काही न करता लिहिलेला पहिला खर्डा साधारण असा होतो:

“सतीश, तू आज फक्त माझी सही घेण्यासाठी आला आहेस का? मला याचे खूप वाईट वाटले. बाबांच्या घरावर माझाही तितकाच हक्क आहे.”

“ताई, तसे नाही. मला व्यवसायासाठी कर्ज हवे आहे आणि बँक तुझ्या सहीशिवाय कर्ज देत नाही. तू मला समजून घे.”

यात चुकीचं काही नाही. पण सहा वाक्यांत प्रसंग संपला. सतीशला काय हवंय, ताईला काय वाटतंय, सगळं कळलं. आता पुढे फक्त भांडण किंवा रडणं उरतं.

चिठ्ठी लिहा

संवाद लिहू नका. एका चिठ्ठीवर प्रत्येक माणसासाठी तीन गोष्टी लिहा: याला आत्ता, या खोलीत, समोरच्याकडून काय हवंय, कोणती गोष्ट हा काही झालं तरी तोंडाने बोलणार नाही, आणि आत येण्याआधीच्या तासाभरात याच्या बाबतीत काय घडलं. नटांना रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्की ‘दिलेली परिस्थिती’ नीट माहीत करून घ्यायला सांगायचा, त्यातलाच हा लहानसा तुकडा आहे.

तिन्हींत दुसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. सतीश काय बोलणार नाही? धंदा बुडालाय हे. ताई काय बोलणार नाही? सही करायची तयारी आहे, फक्त तू नीट विचारायला हवंस, हे. पहिल्या खर्ड्यात दोघं यांच्या आसपासचं सगळंच बोलून मोकळे झाले होते. करताना ही वाक्यं जिभेवर येऊ लागली की दातांखाली धरा. ती बाहेर पडू द्यायची नाहीत म्हटल्यावर तोंडाला दुसरं काहीतरी शोधावं लागतं, आणि त्यातूनच संवाद निघतो.

जागा लावा

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच निम्मा फायदा घालवतात. घरातल्या खऱ्या वस्तू घ्या. तबक, निरांजन, पाट, चहाचे कप, प्लास्टिकचं फोल्डर. दार कुठे, ओटा कुठे, खुर्ची कुठे हे ठरवा. ओटा नसेल तर टेबलाला ओटा म्हणा, पण कप खराच हवा, आणि जमल्यास त्यात गरम चहाही. गरम कप हातात असलेला माणूस हातवारे करून बोलत नाही. हे बसल्या जागी सुचत नाही, हाताला चटका बसल्यावरच कळतं.

जागेचाच प्रश्न असेल, म्हणजे दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतील, तर गच्ची बघा, किंवा घरातले बाहेर गेल्यावरची वेळ धरा. तेही शक्य नसेल तर कानात इअरफोन घालून संध्याकाळी चालायला जा आणि हळू आवाजात बोला. फोनवर बोलतोय असंच सगळ्यांना वाटतं. अशा वेळी वस्तूंचा भाग घरी, न बोलता, वेगळा करून घ्यायचा. घरच्यांना मात्र एकदा सांगून ठेवा. बंद दारामागून भांडणाचा आवाज आला की कुणीही घाबरेल.

पहिली फेरी न बोलता

नाटकाच्या तालमीत आधी वाचन होतं आणि नंतर हालचाली बसतात. आपण उलट करायचं. लेखकाची जीभ सराईत असते, ती लगेच वाक्यं बनवू लागते, आणि बहुतेक वेळा कुठेतरी वाचलेलीच. हातापायांना अशी सवय नसते, ते खरं सांगतात.

सतीश होऊन दारातून आत या. चपला काढा. बसा. ताईने पाटावर बसायला सांगितलं, बसा. औक्षण होईपर्यंत थांबा, तबकात ओवाळणी टाका. मग ताई होऊन तोच सगळा वेळ तिच्या बाजूने काढा: दार उघडा, निरांजन लावा, ओवाळा, फराळ मांडा, चहा टाका.

हे प्रत्यक्ष केलं की पहिल्याच खेपेला एक अडचण समोर येते: पाटावर बसताना फोल्डरचं काय करायचं? हातात धरून कुणी ओवाळून घेत नाही. मांडीखाली? बाजूला, जिथे ताईला दिसेल? खर्ड्यात कागद कुठे आहेत ते आलंच नव्हतं, जणू ते हवेत लटकत होते. करताना त्यांना जागा द्यावी लागते. सतीश ते दाराशी, हेल्मेटखाली ठेवतो असं ठरवलं तर काय होतं? ताई होऊन दार लावायला जा. वाटेत चपला पडलेल्या आहेत, त्या सरळ करायला वाका. समोर फोल्डर.

म्हणजे ताईला सुरुवातीपासून माहीत आहे. ओवाळताना माहीत आहे, लाडू वाढताना माहीत आहे. ती सतीश कधी बोलतो याची वाट बघते आहे, आणि तिला माहीत आहे हे सतीशला माहीत नाही. पूर्ण प्रसंगच फिरला, आणि अजून एकही शब्द बोललेला नाही. टेबलाशी बसूनही हे कधीतरी सुचलं असतं, असं म्हणता येईल. माझा अनुभव असा की बहुधा सुचत नाही, कारण कागदावर वस्तूंना वजन नसतं आणि त्या कुणाच्या वाटेत येत नाहीत.

दुसरी फेरी, एका वेळी एकाचीच बाजू

आता फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि फोन पालथा ठेवा. व्हिडिओ नको, व्हिडिओ घेतला की आपण दिसण्याकडे लक्ष देतो.

आधी फक्त सतीश. ताईची वाक्यं मनातल्या मनात ऐका, तिला बोलायला वेळ द्या, आणि सतीशचं तेवढं मोठ्याने बोला. मग पुन्हा पहिल्यापासून, फक्त ताई. दोन्ही भूमिका एकदम करायला गेलं की नवशिक्या माणूस दोघांनाही एकाच चालीत बोलायला लावतो. एकेकाची बाजू अंगात मुरल्यावर तिसऱ्यांदा दोघांचं एकत्र करा. तेव्हा प्रत्येकाची उभं राहायची जागा आणि बघायची दिशा ठरवून घ्या. एकपात्री प्रयोग करणारे कलाकार मान आणि नजर वळवून पात्रं वेगळी ठेवतात, तीच युक्ती. जागा बदलताना जे दोन-तीन क्षण जातात तेही वाया जात नाहीत, तेवढ्यात ऐकलेलं आत पोचतं.

आवाज बदलू नका. पुरुषाने बाईचा बारीक आवाज काढला किंवा तरुण मुलीने आजोबांचा घोगरा, की पात्राची नक्कल सुरू होते आणि पात्र हातचं जातं. गती बदला. श्वास बदला. हा माणूस वाक्य संपवतो की मध्येच सोडतो? समोरच्याला बोलू देतो का? उठताना गुडघ्यावर हात ठेवतो का? स्वर तुमचाच राहू द्या.

बोली हवी असेल तर आणखी जपून. सतीश आणि ताई कोल्हापूरकडचे असतील आणि तुमच्या कानात ते बोलणं लहानपणापासून नसेल, तर करताना तोंडात येणारी कोल्हापुरी सिनेमातली असेल. अशा वेळी तुमच्या रोजच्या मराठीतच प्रसंग करा, ओढाताण पक्की करून घ्या, आणि भाषेसाठी त्या भागातल्या माणसाला तोच प्रसंग त्याच्या तोंडाने सांगायला लावा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी सगळ्यांना हेच लागू. शब्दांची यादी पाठ करून बोली येत नाही. तिचा ताल कुणाच्या तरी तोंडून ऐकावाच लागतो.

या फेरीत अडखळलात, वाक्य अर्धवट राहिलं, तेच तेच पुन्हा बोललात, तर थांबू नका. पुन्हा सुरुवात करू नका. सतीशला विषय काढता येत नाही, म्हणून तो ताईच्या मुलाच्या परीक्षेबद्दल विचारतो, मग पंख्याबद्दल, मग रस्त्यावरच्या कामाबद्दल. करताना ‘आपण भरकटलो’ असं वाटतं. भरकटलेलं मात्र पात्र आहे, आणि तसंच व्हायला हवं आहे.

चहा करताना ताईच्या तोंडून सहज आलं: “साखर घालू ना?” हा प्रश्न चिठ्ठीवर कुठेच नव्हता. साखरेचा डबा हातात होता म्हणून आला. सतीश होऊन उत्तर द्यायला गेल्यावर निघालं: “अर्धाच चमचा. डॉक्टर म्हणालेत.” कधीपासून? वर्ष झालं. सख्ख्या भावाच्या मधुमेहाची गोष्ट बहिणीला वर्षभर माहीत नाही. या दोघांत किती अंतर पडलंय ते सांगायला आता वेगळा परिच्छेद लागत नाही.

ऐका, आणि बरंचसं टाकून द्या

रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकू नका. रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ऐकताना सगळं उतरवून काढायचा मोह होईल, फोनच्या कीबोर्डला मराठी बोलून टाइप करता येतं म्हटल्यावर तर फारच. ते टाळा. बोललेलं जसंच्या तसं छापलं की वाचवत नाही. खरं बोलणं पाल्हाळिक असतं, त्यात ‘म्हणजे’, ‘नाही पण’, ‘ते हे’ यांची गर्दी असते. कथेतलं बोलणं खऱ्यासारखं वाटलं म्हणजे झालं, ते खऱ्याइतकं लांब असायला नको.

कागद घेऊन ऐका आणि एवढंच टिपा: कुठे तुम्ही स्वतः चकित झालात, कुठे शांतता पडली आणि ती किती वेळ टिकली, कोणतं वाक्य दोनदा आलं, कुठे विषय बदलला. हे सोडून बाकी विसरलं तरी चालेल. साखरेसारखं एखादं वाक्य मिळालं तरी ती फेरी कारणी लागली असं समजा.

शांततेला मराठी नवलेखक फार घाबरतात. ती कागदावर आणायला ‘काही वेळ कुणीच बोललं नाही’ हे वाक्य एकदा चालतं, दुसऱ्यांदा नाही. करताना त्या शांततेत हात काय करत होते ते आठवा. चमचा परत डब्यात टाकला असेल, निरांजन विझू नये म्हणून पंखा बारीक केला असेल. तेच लिहा.

आता लिहा

पहिल्या खर्ड्याकडे न बघता, एका बैठकीत. आपल्या उदाहरणाचा मधला भाग असा होईल:

“साखर घालू ना?”

“अर्धाच चमचा. डॉक्टर म्हणालेत.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष.”

ताईने भरलेला चमचा परत डब्यात रिकामा केला. “सुजाता बोलली नाही कधी.”

“राहिलं असेल सांगायचं.”

दाराशी हेल्मेटखाली निळं फोल्डर होतं. मघाशी चपला सरळ करताना ताईने ते पाहिलं होतं. तिने कप त्याच्यासमोर ठेवला.

“ताई, ते जरा… बँकवाले म्हणतात की…”

“आधी चहा घे.”

पहिल्या खर्ड्यापेक्षा इथे माहिती कमी आहे. सहीचा शब्द नाही, हक्काचा नाही, वाईट वाटल्याचा तर नाहीच. तरी ओढाताण चालू आहे, आणि वाचणारा पुढे काय होणार म्हणून थांबलेला आहे.

लिहिताना मराठीपुरत्या काही गोष्टी पाळा. संवादात माणसं ‘केले, गेले, वाटले, आहेस का’ असं बोलत नाहीत. ‘केलं, वाटलं, आलायस का’ असं बोलतात. निवेदन ‘केले’मध्ये ठेवायचं की ‘केलं’मध्ये हा तुमचा निर्णय, पण एकदा ठरलं की कथाभर तसंच. ‘तू’ कधी ‘तुम्ही’ होतो, ‘अगं’ कधी गळतं, नावाने हाक मारणारी बाई आज ‘दादा’ का म्हणते आहे, याकडे कान ठेवा. आपल्या भाषेत रुसवा, अंतर, लाड आणि अपमान हे सगळं संबोधनात उतरतं, आणि मोठ्याने बोलताना चुकीचं संबोधन जिभेला लगेच टोचतं. ‘ना’, ‘की’, ‘हं’, ‘बरं’ हे छोटे शब्द मात्र करताना सढळपणे येतात, कागदावर त्यातले निम्मे काढा. ‘झालं की वर्ष’ मधला ‘की’ राहू दिला, कारण त्यात सतीशची टाळाटाळ आहे.

आणि ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती खिन्नपणे म्हणाली’ यांवर काट मारा. करताना जो राग आला तो आवाजात होता. कागदावर ‘रागाने’ हा शब्द त्या आवाजाची जागा घेऊ शकत नाही.

काही प्रसंगांत सांभाळून

मारहाण, पडणं, गळा धरणं हे एकट्याने जोरात करू नका. अगदी सावकाश करा. कोणता हात कुठे पोचतो, पाय कशाला अडतो एवढं कळलं की पुरे. दुसऱ्या माणसाबरोबर करत असाल तर आधी ठरवा आणि थांबायचा एक शब्द पक्का करा, तो उच्चारला की तिथेच थांबायचं.

स्वतःच्या आयुष्यातलं ताजं दुःख असलेला प्रसंग असेल तर जखमेच्या माणसाची भूमिका आधी घेऊ नका, समोरच्याची घ्या. आईच्या मृत्यूचा प्रसंग असेल तर बातमी सांगणारी नर्स व्हा. तिच्या बाजूने खोली कशी दिसते हे बघणं लेखक म्हणून जास्त उपयोगाचं असतं आणि सोसवतंही. फेरी संपल्यावर तोंड धुवा, वस्तू जागच्या जागी ठेवा, खोलीतला दिवा लावा, कुणाशी तरी रोजचं काहीतरी बोला. त्रास वाढत असेल तर तो प्रसंग करणं सोडा, कथेला दुसरी वाट सापडते.

गर्दीचे प्रसंग एकट्याने होत नाहीत. कॉलेजात एकांकिका केलेले मित्र असतील तर त्यांना बोलवा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, राज्यात जागोजागी अशा स्पर्धा होतात, म्हणजे आयत्या वेळी उभं राहून बोलायची सवय असलेली माणसं आपल्या आसपास भरपूर आहेत. त्यांना लिहिलेले संवाद देऊ नका. प्रत्येकाला त्याची चिठ्ठी द्या, दुसऱ्याची दाखवू नका, आणि तुम्ही बाजूला बसून नुसतं बघा.

शेवटी तपासणी

इथे या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका येतो. तुम्ही प्रसंग इतक्या वेळा केला आहे की वाचताना तुमच्या कानात तो ऐकू येतो. ‘आधी चहा घे’ हे ताई किती जड आवाजात म्हणाली हे तुम्हाला माहीत आहे. कागदावर मात्र तीन शब्दच आहेत. जे आवाजात होतं ते कागदावर आलं असं वाटत राहतं आणि आलेलं नसतं. नट असलेले लेखक यात हमखास फसतात, कारण वाईट वाक्यही त्यांना चांगलं म्हणता येतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पूर्ण प्रसंग सपाट आवाजात वाचा. चढउतार नको, थांबणं नको, बसस्थानकावरच्या घोषणेसारखं एका सुरात. तरीही जिथे ताण जाणवेल तिथे तो कागदावर आहे. जिथे सगळं विझतं तिथे तुमचा अभिनयच प्रसंग तोलून धरत होता.

दुसरा उपाय अधिक कठोर आणि अधिक खरा. ज्याला कथा माहीत नाही अशा माणसाला ते पान द्या आणि पहिल्यांदाच, तयारीशिवाय, मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही काहीही समजावू नका. तो कुठे अडखळतो, कोणतं वाक्य कुणाचं हे कुठे कळत नाही, कोणता शब्द तो चुकीच्या सुरात म्हणतो, फक्त खुणा करा. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत, तेव्हा श्रोते समोर होते आणि कुठे लक्ष सुटतंय ते तिथल्या तिथे दिसत होतं. आपल्याला तो श्रोता मुद्दाम शोधून आणावा लागतो, पण मिळणारं ज्ञान तेच.

आपला प्रसंग असा वाचायला दिला तर बहुतेक जण ‘आधी चहा घे’ मायेने म्हणतात. मोठी बहीण आहे, भाऊबीज आहे, भावाला मधुमेह आहे, त्यांचं काय चुकलं? आता ‘ताई थंडपणे म्हणाली’ असं लिहायचा मोह टाळायचा. परत ओट्याशी जायचं, कप हातात घ्यायचा आणि बघायचं: रागावलेली, पण पाहुणचारात कसूर न करणारी बाई हा कप कसा देईल? या घरात चहा कपातच मिळतो, बशी फक्त पाहुण्यांना. ती बशी काढते. मग ओळ अशी होते:

तिने फडताळातली बशी काढली, पुसली, आणि कप तीत ठेवून त्याच्यासमोर सरकवला. सतीशने बशीकडे पाहिलं.

“ताई, ते जरा… बँकवाले म्हणतात की…”

“आधी चहा घे.”

या घरात बशी कुणाला मिळते हे मात्र कथेत आधी कधीतरी येऊन गेलेलं हवं, शेजारीण येते त्या पानावर एका ओळीत. ती ओळ तिथे घाला, आणि हे पान नव्या वाचकाकडून वाचून घ्या. पहिला आता चालणार नाही, त्याला कथा कळलेली आहे.